हरण्या दिसला की लगेच पंप उचलू नका

केळीच्या कोवळ्या पानावर शिरांना धरून पिवळे पट्टे उमटले, की जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलकडचा शेतकरी लांबूनच ओळखतो : हरण्या. म्हणजे कुकुंबर मोझॅक विषाणू, सीएमव्ही. मग फवारणीचा पंप पाठीवर चढतो. पहिली चूक तीच.

हा विषाणू मावा (रस शोषणारा बारीक किडा) आणतो, पण हा किडा केळीवर संसार थाटत नाही. शेजारच्या काकडीवरून उडालेला पंखवाला मावा पानावर बसतो, सोंड टोचून चव बघतो, पटलं नाही की पुढच्या झाडावर जातो. विषाणू त्याच्या सोंडेला नुसता चिकटलेला असतो. उचलायला काही सेकंद पुरतात, सोडायलाही तेवढेच. औषध लागून तो मरेपर्यंत त्याची दोन-चार झाडं चाखून झालेली असतात. त्यात या विषाणूची लबाडी बघा. रोगट भोपळ्याचा वास माव्याला जास्त ओढतो, रस मात्र बेचव लागतो, म्हणून पाहुणा लगेच उठतो आणि पार्सल घेऊन जातो.

भेंडीच्या केवड्याचं, म्हणजे शिरा पिवळ्या करणाऱ्या विषाणूरोगाचं, गणित वेगळं. तिथे विषाणू पांढऱ्या माशीच्या अंगात फिरून लाळेत उतरायला काही तास लागतात, त्यामुळे फवारणीला थोडी तरी संधी मिळते. तो अनुभव केळीत चालत नाही.

दुसरी चूक बांधावरची. केना, धोतरा, रानटी वेल यांच्यात विषाणू मुक्काम करतो, आणि केना कित्येकदा दिसायला अगदी हिरवागार असतो. तण काढायचंच, पण लागवडीआधी. बाग दीड महिन्याची झाल्यावर बांध साफ केलात, तर उपाशी मावा थेट तुमच्या केळीवर येतो. मृगबागेत, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेल्या केळीत, काकडी, कलिंगड, मिरचीचं आंतरपीक घेणं म्हणजे माव्याला घरातच खोली देणं. चार पैसे सुटतात हे कबूल, तरी मी घेणार नाही.

पट्टे म्हणजे हरण्याच असंही नाही. अन्नद्रव्याची कमतरता बहुधा बागेच्या एखाद्या भागात सलग दिसते. हरण्या इथे एक झाड, तिथे एक झाड असा विखुरलेला येतो.

रोगट झाड उपटताना आधी त्यावर फवारा, मग काढा. इथे फवारणी कामाची, कारण झाड सुकू लागलं की त्यावरचा मावा उडणारच. ओढत बागेतून नेऊ नका, बांधावर टाकू नका, पुरा. आणि कंद जमिनीत ठेवू नका. त्याला फुटलेलं पील, म्हणजे नवा कोंब, पट्टे घेऊनच वर येतं.