शेतीच्या दिवसात ध्यान कसे बसवावे

‘ध्यान’ आणि ‘ध्येय’ हे दोन्ही शब्द ‘ध्यै’ या एकाच संस्कृत धातूपासून आलेले आहेत, आणि कदाचित त्यामुळेच ध्यानाला बसलेला माणूस आपल्या ध्येयाचे चिंतन करीत असतो, असा समज आपल्याकडे रूढ आहे. माझाही तोच समज होता. पहिले वर्षभर मी पहाटे डोळे मिटून बसत असे आणि त्या अंधारात पीककर्जाची परतफेड, विहिरीचे खोलीकरण आणि मुलीच्या शिक्षणाचा खर्च यांचाच हिशेब मांडीत असे. उठताना मी बसण्यापूर्वीपेक्षा अधिक त्रासलेला असे. ही दोन वेगळी कामे आहेत, हे पुढे ध्यानात आले. ध्यानाच्या वेळी ध्येय बाजूला ठेवायचे आणि ध्यान संपल्यावर, मन गढूळ पाण्यासारखे निवळलेले असताना, ते हातात घ्यायचे. पुढील सर्व सूचना या क्रमावर उभ्या आहेत.

वेळ घड्याळावर न ठरवता रोजच्या एखाद्या कामाला जोडून ठरवावी. पहाटे अमुक वाजता बसण्याचा नियम नोकरदाराला जमेल, परंतु आपल्याकडे शेतीपंपाची वीज कधी दिवसा असते तर कधी रात्री, आणि रात्रीच्या पाळीत हरभऱ्याचे ओलित करून पहाटे घरी परतलेल्या माणसाने त्याच वेळी ध्यानाला बसणे म्हणजे बसल्या जागी पेंगणे होय. त्याने आधी झोप काढावी आणि उठून तोंड धुतल्यावर बसावे. इतर दिवसांत गुरांना कुटार टाकून झाल्यावर आणि दूध काढण्यापूर्वीची वेळ मला सर्वांत सोयीची वाटते, कारण गोठ्यातील काम कधी चुकत नाही आणि त्याच्या मागोमाग ध्यानही आपोआप आठवते. मे महिन्यात, अकोला-चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांच्या पलीकडे जातो त्या दिवसांत, छतावर किंवा अंगणात झोपलेल्यांनी जाग येताच तेथेच बसावे. ऊन अंगावर येऊ लागले की मन स्थिर करण्याचा प्रयत्न व्यर्थ असतो.

वेळेविषयी लिहिताना एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. खेड्यातील पुरुषाला पहाटेची पंधरा मिनिटे मिळतात, ती बहुतेक वेळा घरातील बाई त्याच्याही आधी उठलेली असते म्हणून मिळतात. पाणी भरणे, चूल, मुलांचे डबे आणि त्यानंतर निंदणाला किंवा कापूस वेचायला जाणे, अशा दिवसात तिने ध्यान केव्हा करावे, याचे उत्तर मला अनेक वर्षे सुचले नव्हते. आमच्या घरी ते आईनेच शोधले: चुलीवर अंघोळीचे पाणी तापते तेवढा वेळ ती पाटावर पाठ ताठ करून बसते, आणि त्या वेळेत चहा मागायचा नाही, असा घरात दंडक आहे. दंडक पाळायला आम्हांला काही महिने लागले, हेही नमूद करतो. ज्या घरात ध्यान सुरू करायचे असेल तेथे बाईची ही पंधरा मिनिटे आधी ठरवावीत आणि पुरुषांनी आपली त्यानंतर.

आसनासाठी खर्च करण्याची गरज नाही. सोयाबीनचा रिकामा बारदाना चौपदरी घालून त्यावर सतरंजी टाकली तरी पुरते. बसण्याची जागा फार उंच नसावी आणि फार खालीही नसावी, असे गीतेच्या सहाव्या अध्यायात सांगितले आहे, आणि व्यवहारात याचा अर्थ इतकाच की कंबर गुडघ्यांपेक्षा किंचित वर राहावी, म्हणजे पाठ न ओढता सरळ राहते. डवरणी-फवारणीने गुडघे धरलेल्यांनी मांडीचा हट्ट न धरता ओसरीच्या पायरीवर किंवा खुर्चीवर, तळपाय जमिनीला टेकवून बसावे. बाजेवर मात्र बसू नये. ती मध्ये झोळ देते आणि पाठ वाकते.

आता मुख्य कृती. डोळे मिटावेत, हात मांडीवर ठेवावेत आणि नाकपुड्यांच्या टोकाशी येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष द्यावे. श्वास मुद्दाम खोल घेऊ नये किंवा रोखू नये. तो जसा चालला आहे तसा केवळ जाणावा. यालाच बौद्ध परंपरेत आनापान म्हणतात, आणि विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिरातील पहिले तीन दिवस एवढेच शिकवले जाते, यावरून ही गोष्ट दिसते तितकी क्षुल्लक नाही, हे लक्षात यावे. सुरुवातीला मोजणीचा आधार घ्यावा: प्रत्येक श्वास सोडताना मनात एक अंक म्हणावा, दहापर्यंत जावे आणि पुन्हा एकपासून सुरुवात करावी. मोजणी सोडत्या श्वासावर ठेवण्यामागे कारण आहे. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, आणि तेथेच लक्ष टिकवले की शरीर निवांत होण्यास मदत होते.

चौथ्या-पाचव्या अंकाला मन निघून जाते. शेजाऱ्याने धुरा (शेताचा बांध) कोरला, बाजार समितीत काल तुरीला काय भाव निघाला, दुकानदाराची उधारी किती झाली, असे काहीतरी समोर उभे राहते आणि बऱ्याच वेळाने कळते की मोजणी केव्हाच सुटली. नवशिक्यांना येथेच हार वाटते, आणि ‘आपल्याला हे जमत नाही’ असे म्हणून ते उठतात. वर्धेकडे चरख्यावर बसलेल्या माणसाला पाहावे. सूत तुटले की तो चरख्यावर चिडत नाही आणि धागा का तुटला याचा विचार करीत बसत नाही. चाक थांबवतो, पेळूचे (पिंजलेल्या कापसाच्या वातीचे) टोक तुटलेल्या धाग्याला लावतो आणि पुन्हा चाक फिरवतो. नव्याने कातणाऱ्याचे सूत अधिक वेळा तुटते आणि जुन्याचे कमी, पण सांधण्याची रीत दोघांची एकच असते. त्याप्रमाणे मन गेल्याचे कळताक्षणी पुन्हा ‘एक’ म्हणावे. एका बैठकीत वीस वेळा परतावे लागले, तर वीस वेळा अभ्यास झाला असे समजावे.

पहिल्या पंधरवड्यात पाच मिनिटे बसावे, नंतर दहा, आणि महिन्या-दीड महिन्यानंतर पंधरा ते वीस. त्याहून अधिक वेळाचा आग्रह गृहस्थाने धरू नये, असे माझे मत आहे. वेळ पाहण्यासाठी मोबाइल जवळ ठेवला तर तो फ्लाइट मोडवर टाकावा, कारण पहाटे गावाच्या ग्रुपवर सुविचार पडू लागतात. त्यापेक्षा अगरबत्ती बरी. आपल्या घरची अगरबत्ती किती वेळात जळते ते एकदा घड्याळ लावून पाहावे आणि त्या हिशेबाने तुकडा मोडून घ्यावा. दमा असलेल्यांनी ती दाराबाहेर लावावी.

एकट्याने सातत्य टिकत नसेल तर सोबत शोधावी, आणि विदर्भात ती शोधायला दूर जावे लागत नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) सकाळचे सामुदायिक ध्यान आणि सायंकाळची सामुदायिक प्रार्थना ही जोडी गावोगावी रुजवली, आणि त्यांच्या गुरुदेव सेवा मंडळाची शाखा जेथे जिवंत आहे तेथे ती आजही चालते. त्यांच्या पुण्यतिथीला, अश्विन वद्य पंचमीस, मोझरीच्या त्यांच्या गुरुकुंज आश्रमात दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन श्रद्धांजली होते. एवढा अफाट जनसमुदाय एकाच क्षणी निःशब्द होताना ज्याने अनुभवले आहे, त्याला सोबतीचे बळ वेगळे समजावून सांगावे लागत नाही. ज्या वस्तीत बुद्धविहार आहे तेथे सकाळी विहारात बसावे. सेवाग्रामच्या आश्रमात सकाळ-सायंकाळ उघड्या आकाशाखाली प्रार्थना होते, तेथे एखादे वेळी जाऊन केवळ शांत बसून यावे.

बैठक संपल्यावर लगेच उठू नये. येथे ध्येयाची वही उघडायची. साधी शाळेची वही पुरे. तिच्या पहिल्या पानावर आपले ध्येय एका वाक्यात लिहावे आणि रोजच्या पानावर आज त्यासाठी करावयाचे एकच काम. वाक्य लिहिताना एक चाळणी लावावी: हे माझ्या हातात किती आणि पावसाच्या हातात किती? ‘यंदा एकरी दहा क्विंटल कापूस काढीन’ हे ध्येय पावसाच्या, बोंडअळीच्या आणि बाजाराच्या हाती आहे, त्यामुळे ते मनाला रोज टांगणीला लावते. ‘कपाशीत हेक्टरी पाच कामगंध सापळे (अळीच्या नर पतंगांना वासाने ओढणारे) लावून त्यांतील पतंग नियमाने मोजीन’ हे आपल्या हाती आहे. गुलाबी बोंडअळीसाठी एका सापळ्यात सलग तीन दिवस रोज आठ किंवा अधिक पतंग आढळले तर उपाय करण्याची वेळ आली असे मानतात. ही मोजणी करायला शांत आणि सावध डोके लागते, आणि अंदाजाने किंवा शेजाऱ्याचे पाहून केलेली फवारणी वाचते. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलीने ‘भरती होईन’ ऐवजी ‘आज ८०० मीटर न थांबता धावेन’ असे लिहावे. भरतीच्या जाहिरातीची तारीख तिच्या हाती नाही, धावणे आहे.

एका मर्यादेविषयी गैरसमज नसावा. ध्यानाने कर्ज फिटत नाही आणि गारपिटीचा पंचनामाही होत नाही. शिवाय, जेव्हा आठवडेच्या आठवडे झोप लागत नाही, जेवण नकोसे होते किंवा जीव नकोसा झाल्याचे विचार येतात, तेव्हा एकट्याने डोळे मिटून बसणे कधीकधी त्या विचारांना अधिक जागा देते. अशा वेळी ध्यान बाजूला ठेवून घरात कोणाशी तरी बोलावे आणि १४४१६ या टेली-मानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या) निःशुल्क क्रमांकावर फोन करावा. ही सेवा चोवीस तास चालू असते आणि मराठीत बोलता येते. जिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ भेटतात, आणि तेथे जाण्यात ताप आल्यावर दवाखान्यात जाण्याहून अधिक लाज नाही.

पेरणीचा आठवडा, घरातील लग्न, दुखणेपाखणे अशा काळात खंड पडतोच. त्यासाठी आधीच एक किमान मोजमाप ठरवून ठेवावे. माझे दहा श्वासांचे आहे आणि मृगाचा पाऊस पडून तिफण (पेरणीचे अवजार) जुंपण्याची घाई असते तेव्हा मी ते धुऱ्यावर उभ्या उभ्या पूर्ण करतो. पोळ्यापर्यंत घडी पुन्हा बसते. वही मात्र वर्षातून एकदा पूर्ण वाचावी. आपल्याकडे पाडव्याला सालदाराचे (वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचे) साल संपते आणि हिशेब होतो. त्याच दिवशी मी वहीचे पहिले पान काढतो, आणि वर्षभरात ज्या ध्येयासाठी दहा पानेही भरलेली नसतात, ते खोडून नवे वाक्य लिहितो.