जुन्या गाडीचा ब्रेक धरून राहतो तेव्हा: दाब कुठे अडकलाय ते कसं शोधायचं

पेडलवरून पाय काढला तरी ब्रेक सुटत नाही म्हटलं की बहुतेक जण थेट व्हील सिलिंडर (ड्रम ब्रेकमधला) किंवा कॅलिपर (डिस्क ब्रेकमधला) खोलायला घेतात. घाई नको. दोष चाकापाशी, हँडब्रेकच्या केबलमध्ये, ऑइल नेणाऱ्या रबरी होजमध्ये किंवा पेडलच्या जोराने ऑइलवर दाब आणणाऱ्या मास्टर सिलिंडरकडे असू शकतो, आणि यातलं नेमकं कोणतं हे एका पान्याने कळतं. अट एकच: तपासणी ब्रेक धरलेला असतानाच करायची. गार झालेली गाडी बरेचदा काहीच सांगत नाही.

म्हणून आधी पंधरा-वीस मिनिटं गाडी चालवा, ब्रेक शक्यतो कमी वापरा आणि शेवटी वेग आपोआप कमी होऊ देऊन थांबा. मग प्रत्येक चाकाची उष्णता बघा. हात जवळ न्या, टेकवू नका. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर उत्तमच, फक्त चकचकीत धातूवर तो खरी उष्णता दाखवत नाही. ड्रमच्या गंजक्या किंवा रंगवलेल्या भागावर धरा. पुढची चाकं मागच्यांपेक्षा थोडी गरम असतातच, त्यामुळे तुलना डाव्या-उजव्याची करा. एकच चाक तापलं असेल तर दोष त्या चाकात किंवा त्याच्या होजमध्ये. मागची दोन्ही तापली असतील तर हँडब्रेक बघा. शिवाय बऱ्याच जुन्या गाड्यांत मागच्या ॲक्सलला मिळून एकच होज असतो, तोही संशयित. चारही तापली तर मास्टर सिलिंडर किंवा पेडल. ड्रम तसा गार आणि हबचा मध्यभाग मात्र गरम असेल, तर ब्रेकचा दोष नाही, बेअरिंग घट्ट आहे.

आता जमिनीवरच्या चाकांना ठोकळे लावा, गाडी उचलून स्टँडवर घ्या, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. चाक हाताने फिरवा. डिस्कवर पॅड हलकं घासल्याचा आवाज चालतो, पण चाक अडता कामा नये. अडत असेल तर चष्मा लावा, चाकाच्या ब्लीडिंग निपलला (लाइनमधली हवा काढायचा छोटा स्क्रू) पारदर्शक नळी जोडून तिचं दुसरं टोक बाटलीत सोडा आणि निपल पाव फेरा उघडा. ऑइल जोरात आलं आणि चाक सुटलं, तर लाइनमध्ये दाब अडकलेला होता. चाक तसंच राहिलं, तर अडचण चाकापाशीच, यांत्रिक आहे. पुढचं सगळं याच उत्तरावर ठरतं.

दाब अडकलेला असेल तर निपल बंद करा, कोणाला तरी पेडल दाबून सोडायला सांगा, म्हणजे चाक पुन्हा धरेल. आता होजच्या आधीचा, धातूच्या पाइपचा युनियन नट (जोडाचा नट) किंचित सैल करा. (आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, नाहीतर नटाबरोबर पाइपही पिळला जातो.) चाक सुटलं तर दोष वर, मास्टर सिलिंडरकडे. सुटलं नाही तर होज गेला. होजचा आतला थर सुटून किंवा फुगून पडद्यासारखा अडतो. पायाचा जोर ऑइल पुढे ढकलतो. परत आणायला मात्र स्प्रिंगची किंवा सीलची किरकोळ ओढच असते. असा होज बाहेरून अगदी नवा दिसू शकतो, त्यामुळे नुसतं बघून त्याला क्लीन चिट देऊ नका. बदलताना जोडीने बदला.

मास्टर सिलिंडरवर संशय आला की त्याचे माउंटिंग नट दोन-तीन मिलिमीटर सैल करून सिलिंडर पुढे ओढा. ब्रेक सुटले तर पुशरॉडला (पेडलचा जोर सिलिंडरला देणाऱ्या दांड्याला) मोकळी जागाच उरलेली नाही. रॉडची लांबी, पेडलची रिटर्न स्प्रिंग, सुकलेला पिव्हट आणि जास्त आत फिरवलेला ब्रेक लाइटचा स्विच तपासा. नवा सर्व्हो (पायाचा जोर वाढवणारा भाग) बसवल्यानंतर त्रास सुरू झाला असेल, तर पहिला संशय रॉडच्या लांबीवर घ्या. सैल करूनही ब्रेक सुटले नाहीत तर रिटर्नचं बारीक छिद्र बंद आहे. तापलेलं ऑइल फुगतं, त्याला टाकीत परतायला हीच वाट असते. म्हणूनच असे ब्रेक थोडं चालल्यावर धरतात आणि गार झाल्यावर सुटतात. ब्रेक सुटलेले असताना टाकीचं झाकण काढून पेडल बोटांनी अगदी हळू दाबा: बऱ्याच सिलिंडरांत ऑइलवर छोटी उसळी दिसते. काहीच हललं नाही तर छिद्रात गाळ आहे, किंवा रबरी कप फुगून त्यावर आला आहे. ग्लायकॉलच्या ब्रेक ऑइलमध्ये कोणी इंजिन ऑइल ओतलं असेल तर कप हमखास फुगतात. मग लाइन धुऊन सगळंच रबर बदलावं लागतं.

एक फसवी गोष्ट: काही ड्रम ब्रेकच्या मास्टर सिलिंडरमध्ये थोडा दाब राखणारा व्हॉल्व्ह मुद्दाम असतो. डिस्क बसवून तोच सिलिंडर ठेवला तर डिस्क घासत राहणार.

निपल उघडूनही चाक अडत असेल तर आधी हँडब्रेकची केबल ड्रमच्या लिव्हरपासून सोडा. चाक सुटलं तर केबल आत गंजली आहे किंवा जास्त ताणली आहे. बरेच जण शूची (ड्रमला आतून दाबणाऱ्या भागांची) ढिलाई केबल ताणून भरून काढतात. ते उलटं आहे. केबल सैल ठेवून शू ॲडजस्ट करा (ड्रम अडेपर्यंत घट्ट, मग मोकळा फिरेपर्यंत मागे) आणि केबल शेवटी. केबल सोडूनही अडलं तर ड्रम काढा. थकलेल्या रिटर्न स्प्रिंगा, बॅकप्लेटवर (शूमागच्या पत्र्यावर) शू घासून पडलेल्या खाचा, गंजून अडकलेला पिस्टन बघा. काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत मागचा सिलिंडर बॅकप्लेटच्या खाचेत मोकळा सरकत राहायला हवा. तो जाम झाला की एकच शू घासतो. शूवरच्या लायनिंगच्या जुन्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकतं. हवा मारू नका, ओल्या फडक्याने पुसा.

डिस्कमध्ये पिस्टनला मागे ओढतं ते चौकोनी छेदाचं सील. सीलच्या खाचेत गंज साचला की सील पिस्टनवर दाबलं जातं आणि ही ओढ संपते. नुसतं नवीन सील घालून उपयोग नाही. खाच खरवडून साफ करा, पिस्टनवर खड्डे असतील तर पिस्टनही बदला. जोडताना रबर ग्रीस किंवा ताजं ब्रेक ऑइलच लावा, साधं ग्रीस नको.

लाइनमधली हवा काढा, पेडल घट्ट लागतंय ना ते उभ्या गाडीतच पाहा, मग तीच पंधरा-वीस मिनिटांची फेरी मारून डावी-उजवी चाकं पुन्हा मोजा.