न पाहिलेल्या अपत्याचा शोध : कोल्हापुरातील विभक्त पित्याने काय करावे

पत्नी माहेरी निघून गेली, बोलणे तुटले आणि काही वर्षांनी कानावर आले की त्या वेळी तिला दिवस गेले होते; अशा पुरुषाने पहिली धाव सासुरवाडीच्या दारात किंवा एखाद्या शाळेच्या फाटकाशी घेऊ नये. आधी जन्माची नोंद शोधावी.

नोंद जन्म जिथे झाला तिथे होते, पित्याच्या पत्त्यावर नव्हे. आपल्याकडे पहिले बाळंतपण बहुधा माहेरी होते. त्यामुळे स्वतःचे घर शिवाजी पेठेत असले, तरी पत्नीचे माहेर कागलचे किंवा गडहिंग्लजचे असल्यास तेथील नगरपरिषदेत, खेड्यातले असल्यास ग्रामपंचायतीत, आणि प्रसूती शहरातल्या खासगी दवाखान्यात झाल्याचे समजल्यास कोल्हापूर महानगरपालिकेत चौकशी करावी. माहेर निपाणीकडचे असेल तर दप्तर कर्नाटकात सापडेल, हे घाईत सुचत नाही.

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम १७ नुसार शुल्क भरून निबंधकाकडून नोंदीचा शोध घेता येतो. बाळाचे नाव ठाऊक नसले तरी अडत नाही, कारण नाव नंतरही दाखल करता येत असल्याने कित्येक नोंदी नावावाचूनच असतात. अर्जात आईचे माहेरचे आणि सासरचे अशी दोन्ही नावे लिहावीत आणि विभक्त झाल्याच्या दिवसापासून पुढच्या दहा महिन्यांचा काळ तपासण्याची विनंती करावी.

नोंद मिळाल्यावर डीएनए चाचणीची भाषा काढू नये. विवाह कायम असताना जन्मलेले मूल पतीचेच, असे भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ चे कलम ११६ धरून चालते. चाचणीची मागणी म्हणजे पत्नीवर संशय, आणि तो एकदा उच्चारला की तडजोडीची वाट बंद होते.

त्यानंतर कौटुंबिक न्यायालयाची पायरी. पालक व पाल्य अधिनियम, १८९० प्रमाणे मूल जिथे राहते तिथल्या न्यायालयात अर्ज करावा लागतो. पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सर्वसाधारणपणे आईकडेच राहतो; तेव्हा, माझ्या मते, ताबा न मागता केवळ भेटीची परवानगी मागावी आणि मुलाच्या खर्चाची तयारी न विचारता त्याच अर्जात लिहावी. वकील परवडत नसल्यास कसबा बावड्यातील जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे.

मूल दत्तक गेले असेल तर मात्र ही वाट चालत नाही: दत्तक आदेशानंतर जन्मदात्यांशी असलेले कायदेशीर नाते संपते, माहिती गोपनीय राहते, आणि आपले मूळ शोधण्याची मुभा असते ती मुलाला.

अपत्य अठरा वर्षांचे झाले असल्यास ताब्याचा किंवा भेटीचा अर्जच उरत नाही. अशा वेळी दोन्ही घरांत ज्यांचा शब्द चालतो अशा एखाद्या मामांच्या किंवा आत्याबाईंच्या हाती एकच पत्र द्यावे. त्यात पत्नीविषयी तक्रारीचे अक्षर नसावे आणि स्वतःचा पत्ता स्पष्ट असावा.