महापालिकेत युनियन आणि प्रशासनाची बोलणी फिसकटतात ती कुठे? या चुका टाळा

मे महिन्यात नागपुरात सकाळी नऊलाच डांबर तापलेलं असतं. म्हणून सफाईची हजेरी साडेपाचला घ्यावी, हे युनियनलाही हवं असतं आणि साहेबांनाही पटतं. तरीही कामबंद होऊ शकतं, कारण परिपत्रक आधी निघतं आणि बोलणं नंतर होतं. जिच्या घरी नळच पाचला येतो, त्या बाईला कुणी विचारलेलंच नसतं.

'महापालिका काय कारखाना आहे का?' असं म्हणणारे अधिकारी अजूनही भेटतात. याचं उत्तर नागपूरच्याच खटल्यातून 1960 मध्ये मिळालंय. नागपूर महापालिका विरुद्ध तिचे कर्मचारी या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पाणीपुरवठा, दिवाबत्ती, अग्निशमनच काय, कर आणि सामान्य प्रशासन विभागही 'उद्योग' ठरवले. त्यामुळे कामाचे तास किंवा पाळ्या बदलायच्या तर, सेवानियमांनी सूट दिलेली नसेल तिथे, 21 दिवस आधी नोटीस लागते. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात हे कलम 9-अ होतं. त्याच्या जागी आलेल्या औद्योगिक संबंध संहितेनेही दिवस तेवढेच ठेवलेत. हे 21 दिवस फायलीत घालवू नका, पहिला आठवडा हजेरीच्या ठिकाणी जा.

युनियनची नेहमीची चूक म्हणजे एकाच निवेदनात चौदा मागण्या. हातमोजे, गमबूट झोनच्या पातळीवर मिळू शकतात. आकृतिबंधातली (मंजूर पदांच्या आराखड्यातली) नवी पदं नगरविकास विभागाच्या मंजुरीशिवाय नाहीत. दोन्ही एका कागदावर घातलं की हातमोजेही मंत्रालयाची वाट बघत बसतात. निर्णय कोणाच्या हातात आहे ते पाहून मागण्यांचे वेगळे कागद करा. आणि संपाची 14 दिवसांची नोटीस चुकवू नका. सफाईच्या कामात तर नाहीच.

सगळ्यात महागात पडतं ते इतिवृत्त न लिहिणं. चहा येतो, 'होऊन जाईल' म्हणत सगळे उठतात, आणि साहेबांची बदली झाली की त्या 'होऊन जाईल'ला वाली उरत नाही. त्याच टेबलावर लिहा: कोण करणार, कोणत्या तारखेपर्यंत, खर्च कोणत्या लेखाशीर्षातून, म्हणजे अंदाजपत्रकातल्या कोणत्या खात्यातून. उठण्याआधी दोन्हीकडच्या सह्या घ्या. सुवाच्य हस्ताक्षरात लिहिलेलं एक पान पुरतं.

बैठकीला ऐवजदार, म्हणजे कायम नसलेले बदली सफाई कामगार, नसतात, हेही नेहमीचंच. कायम कर्मचाऱ्यांचे पुढारी बोलतात आणि उन्हात राबणाऱ्यातला निम्मा आवाज बाहेरच राहतो. निदान दोघांना खुर्ची द्या.

हजेरीच्या वेळेचा तोडगा बहुधा सफाई कामगारांवर देखरेख करणाऱ्या जमादाराकडेच असतो: पाचला नळ येणाऱ्या वस्त्यांतल्या बायांना सहा, बाकीच्यांना साडेपाच. परिपत्रक टायपिंगला पाठवण्याआधी त्याला बोलावून घ्या.