घरातल्या चित्रीकरणाच्या खोलीसाठी वेगळी डीबी

गच्चीवरच्या खोलीत चित्रीकरणासाठी एक-एक हजार वॅटचे चार हॅलोजन लावायचे ठरले, की बहुतेक घरांत पहिला विचार एक्स्टेन्शन बोर्डाचा होतो आणि तिथेच चूक होते. दिव्यांचे 4000 वॅट भागिले 230 व्होल्ट म्हणजे सुमारे 17.4 अँपिअर होतात. हे दिवे खोली तापवतात, म्हणून दीड टनाचा एसी येतोच, आणि त्याचे साधारण 8 अँपिअर धरले तर बेरीज पंचविसाच्या पुढे जाते. एवढा भार एक्स्टेन्शन बोर्डाला पेलत नाही, म्हणून खोलीला वेगळी डीबी, म्हणजे वीज सर्किटांत वाटून देणारी पेटी (डिस्ट्रिब्युशन बोर्ड), लागते.

नवी डीबी बसवल्याने वीज वाढत नाही. मीटरवरून मिळते तेवढीच ती वाटून देते. त्यामुळे आधी विजेच्या बिलावरचा मंजूर भार पाहावा. गीझर, पंप, इस्त्री यांच्यासह हा नवा भार त्यात बसत नसेल, तर वीज कंपनीकडे भारवाढीचा अर्ज करावा आणि गरज पडल्यास थ्री फेज जोडणी घ्यावी. काम परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडूनच करून घ्यावे आणि त्याच्याकडून चाचणी अहवाल मागून घ्यावा. मुख्य स्विच बंद केला तरी मीटरकडून येणारी वायर जिवंतच असते, त्यामुळे मुख्य डीबीचे झाकण घरमालकाने स्वतः उघडू नये. मात्र पुढचे तपशील माहीत असले, तर वायरमनला नेमके प्रश्न विचारता येतात.

मुख्य डीबीत 32 अँपिअरचा एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा, म्हणजे बंद होणारा, खटका) घालून तिथून खोलीपर्यंत सहा चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर न्यावी. वायरमन तिला ‘सहाची वायर’ म्हणतात. अंतर फार असेल किंवा एकाच पाइपातून बऱ्याच वायरी जात असतील, तर दहाची वायर घ्यावी. खोलीतल्या डीबीत सुरुवातीला 40 अँपिअर, 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा खटका) बसवावा आणि त्यापुढे प्रत्येकी दोन दिव्यांची दोन सर्किटे काढावीत. एका सर्किटवर 8.7 अँपिअर येतात. त्यांना अडीचची वायर आणि 16 अँपिअरचा एमसीबी पुरतो. एसीचे सर्किट चारच्या वायरीने वेगळेच ठेवावे, कारण दिव्यांचा एमसीबी पडला तरी एसी चालू राहिला पाहिजे.

हॅलोजनची तार थंड असताना तिचा रोध फार कमी असतो, त्यामुळे दिवा लावताक्षणी नेहमीच्या दसपटीच्या आसपास प्रवाह ओढला जातो. बी प्रकारचा एमसीबी त्याच्यावर लिहिलेल्या अँपिअरच्या तीन ते पाचपट प्रवाहाला क्षणात पडतो, तर सी प्रकारचा पाच ते दहापटीला. म्हणून सी प्रकार निवडावा आणि प्रत्येक दिव्याला स्वतंत्र खटका ठेवून ते एकामागून एक लावावेत.

वायरमनकडून घाईत हमखास राहून जाते ती गोष्ट न्यूट्रलची. आरसीसीबीपुढच्या सर्किटांचे न्यूट्रल त्याच्याच लिंकवर (न्यूट्रल जोडायच्या पट्टीवर) यायला हवेत. त्यातला एखादा घरातल्या दुसऱ्या न्यूट्रलला किंवा अर्थिंगला जोडला गेला, तर आरसीसीबी विनाकारण पडत राहतो, आणि मग वैतागून कोणीतरी तोच काढून टाकतो. न्यूट्रल आणि अर्थिंगच्या पट्ट्या या डीबीत एकमेकींना मुळीच जोडू नयेत.

खर्चाचा अंदाज ऐकून थबकलात, तर एलईडीचा हिशेब जरूर करावा. तितक्याच उजेडाला साधारण पाव भार पुरतो, आणि चारही दिवे मिळून एकाच सर्किटवर बसतात.

काम झाल्यावर आरसीसीबीचे चाचणी बटण दाबून तो पडतो का पाहावे. मग सगळे दिवे आणि एसी तासभर चालू ठेवून वायरमनला क्लॅम्प मीटरने प्रवाह मोजायला सांगावे. एखादा एमसीबी शेजारच्यापेक्षा जास्त तापला असेल, तर त्याचा स्क्रू सैल राहिला असण्याची शक्यता मोठी. पुरवठा बंद करून तो पुन्हा आवळून घ्यावा.