परदेशात दिवस गेलेत? तपासणी अशी पारखा

नुकत्याच आलेल्या गरोदर मुलींची तक्रार ठरलेली: इथे डॉक्टर भेटतच नाहीत, मिडवाइफच (प्रशिक्षित सुईण) बघते, सोनोग्राफीही जेमतेम होते. खरं सांगू? काळजी चांगली की वाईट, ते यावरून कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६च्या शिफारशींत किमान ८ भेटी आहेत, पहिली १२ आठवड्यांच्या आत. सोनोग्राफी मात्र २४ आठवड्यांच्या आधी एकच. आणि जिथे मिडवाइफची सेवा नीट चालते, तिथे सुरुवातीपासून बाळंतपणानंतरपर्यंत ओळखीच्या मिडवाइफनेच बघावं, असंही त्यात आहे.

तेव्हा आधी नाव नोंदवा. घर शोधणं, कागदपत्रं या धांदलीत पहिले तीन महिने कधी सरतात ते कळत नाही. जुने रिपोर्ट सोबत न्या.

मग भेटी मोजत बसू नका, भेटीत काय झालं ते बघा. रक्तदाब दरवेळी घेतला का? धापा टाकत आलात आणि लगेच पट्टा गुंडाळला, तर आकडा वर जाणारच. पाच मिनिटं टेकायला सांगून, दंड हृदयाच्या पातळीला ठेवून मोजणारी बाई कामाची. लघवीतली प्रथिनं तपासली का, हेही विचारा. ‘नॉर्मल आहे’ यावर भागवू नका, आकडा मागा आणि एकक बघा. हिमोग्लोबिन ११० (ग्रॅम प्रति लिटर) लिहिलं असेल तर ते आपलं ११ (ग्रॅम प्रति डेसिलिटर). उपाशीपोटी साखर ५.१ (मिलिमोल प्रति लिटर) म्हणजे आपली ९२ (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर), आणि जागतिक आरोग्य संघटना गरोदरपणातला मधुमेह तिथूनच धरते. दक्षिण आशियाई बायकांना याचा धोका जास्त असतो, म्हणून साखरेची चाचणी कधी करणार ते स्वतःहून विचारा.

भाषा अडत असेल तर नवऱ्याला दुभाषी करू नका, भले तो कितीही गुणी असो. घरात मारहाण होते का, आधी गर्भपात झालाय का, हे प्रश्न त्याच्या तोंडून आले तर उत्तर काय मिळणार? दुभाषी दवाखान्याकडेच मागा. तुम्हाला एकटीला भेटायची सोय करतात का, ही माझ्या मते यंत्रांपेक्षा मोठी परीक्षा.

डोकं असह्य दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, अंगावरून रक्त जाणं, बाळाची हालचाल मंदावणं, यातलं काही रात्री झालं तर फोन कुणाला करायचा? पहिल्याच भेटीत हे सांगितलं नाही, तर नंबर मागून फाइलवर लिहून घ्या. आणि वेळ आलीच तर सकाळ व्हायची वाट बघू नका.