गमतीचे व्हिडिओ आणि व्यंगचित्रे पुढे कशी पाठवावीत

गेल्या दिवाळीत मी आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक हास्यचित्र पाठवले. सगळ्यांनी मनापासून दाद दिली आणि मग चित्रकला शिकणाऱ्या माझ्या भाचीने विचारले, ‘‘मामा, कुणाचं आहे हे?’’ मला सांगता आले नाही. चित्राच्या उजव्या कोपऱ्यात सहीतली एक वेलांटी तेवढी उरली होती, बाकीची सही कुणाच्या तरी हातून कापली गेली होती. ज्याने ते चित्र सुचण्यासाठी कदाचित आठवडा घालवला असेल, त्याचे नाव माझ्यापर्यंत येण्याआधीच गळून पडले होते आणि मीही ते तसेच पुढे ढकलले होते. तेव्हापासून काहीही पाठवण्याआधी मी त्याचे मूळ शोधतो, शक्यतो मुळाचीच लिंक पाठवतो आणि सोबत कर्त्याचे नाव व स्वतःची एक ओळ लिहितो.

मूळ शोधायला फार वेळ लागत नाही. व्हॉट्सॲपने 2018 मध्ये फॉरवर्ड केलेल्या संदेशावर तशी खूण दाखवायला सुरुवात केली. या खुणेत एकाऐवजी दोन बाण दिसले, तर ती वस्तू निदान पाच हातांतून फिरून आली आहे आणि तिच्यावरचे नाव वाटेत हरवले असण्याचा संभव मोठा आहे, असे समजावे. चित्र असेल तर ते गूगल लेन्समध्ये किंवा टिनआय या चित्रशोधाच्या संकेतस्थळावर टाकावे. टिनआयवर सर्वांत जुनी प्रत आधी दाखवण्याची सोय आहे आणि सर्वांत मोठ्या आकाराची प्रतही वेगळी पाहता येते. जुनी आणि मोठी प्रत बहुधा मुळाच्या जवळची असते. व्हिडिओ असेल तर जिथे चेहरा किंवा पाटी स्पष्ट दिसते तिथे तो थांबवून स्क्रीनशॉट घ्यावा आणि तो शोधावा. व्हिडिओवर तरंगणाऱ्या खात्याच्या नावालाच मात्र कर्ता समजू नये, कारण दुसऱ्याचे काम उचलून त्यावर स्वतःचे नाव चिकटवणारी खाती पुष्कळ आहेत.

मुळाची लिंकच का पाठवावी, हे एका उदाहरणावरून नीट कळेल. रँडल मन्रो हे अमेरिकन व्यंगचित्रकार 2005 पासून ‘एक्सकेसीडी’ नावाची चित्रमालिका काढत आहेत. काड्यांची माणसे, काळ्या रेघा, आणि विषय गणित, संगणक, विज्ञान. त्यातल्या 927 क्रमांकाच्या चित्रात एकमेकांशी स्पर्धा करणारी चौदा मानके, म्हणजे एकाच कामासाठी ठरवलेल्या चौदा वेगवेगळ्या पद्धती, असतात. दोघेजण वैतागून ठरवतात की सर्वांना चालेल असे एकच मानक तयार करू या. आणि शेवटच्या चौकटीत मानके पंधरा झालेली असतात. हे चित्र स्क्रीनशॉटच्या रूपाने सगळीकडे फिरते. मूळ पानावर चित्रावर माउसचा बाण नेऊन क्षणभर थांबले की मोबाइल चार्जरबद्दलचे आणखी एक वाक्य उमटते, ते मात्र स्क्रीनशॉटमध्ये येऊच शकत नाही. या मालिकेच्या प्रत्येक चित्राला असे दडलेले वाक्य असते आणि कित्येकदा खरा हशा तिथेच असतो. स्क्रीनशॉट पाठवणारा, स्वतःला कळण्याआधीच, विनोदाचा एक भाग कापून पाठवतो. मोबाइलवर बाण नसतो, म्हणून या मालिकेची मोबाइलसाठी वेगळी पाने आहेत आणि तिथे बोटाने दाबून ते वाक्य वाचता येते.

यूट्यूबची लिंक पाठवताना एवढे पाहावे की लांब व्हिडिओतली गंमत नेमकी कुठे आहे. संगणकावर ‘शेअर’ दाबल्यावर येणाऱ्या चौकटीत, कोणत्या मिनिटापासून सुरू व्हावे ते लिहिता येते. वीस मिनिटांच्या व्हिडिओतल्या चौदाव्या मिनिटाचा विनोद दाखवायचा असेल आणि ही वेळ लिहिली नसेल, तर पाहणारा तिसऱ्या मिनिटालाच तो बंद करतो, आणि त्यात त्याची काही चूक नसते. लिंक देताच येत नसेल आणि चित्रच पाठवावे लागत असेल, तर ते डॉक्युमेंट म्हणून जोडावे. फोटो म्हणून पाठवले की व्हॉट्सॲप त्याचा आकार कमी करते आणि व्यंगचित्रातली बारीक अक्षरे पुसट होतात. चित्र कडेपर्यंत, सहीसकट पाठवावे.

परवानगीचा प्रश्न लिंक पाठवताना सहसा येत नाही, फाइल उतरवून स्वतःच्या पानावर चढवताना येतो. क्रिएटिव्ह कॉमन्स म्हणजे कर्त्याने काही अटींवर सर्वांना आधीच दिलेली वापराची मुभा. एक्सकेसीडीची चित्रे तिच्या ज्या परवान्याखाली आहेत, त्यानुसार नाव देऊन आणि पैसे न कमावता ती वापरता येतात. ‘बिग बक बनी’ हा 2008 चा सुमारे दहा मिनिटांचा ॲनिमेशनपट त्याहून मोकळा आहे, कारण तो बनवणाऱ्या ब्लेंडर फाउंडेशन या संस्थेला श्रेय दिले की पुरते. त्यात संवाद नाहीत, त्यामुळे आजी आणि नातू तो शेजारी बसून पाहू शकतात, शि. द. फडणीसांची शब्दांविना बोलणारी चित्रे आवडणाऱ्या घरात तो जरूर पाठवावा. इतर बहुतेक कामांना असा परवाना नसतो, तिथे कर्त्याला विचारावे. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यातील कलम 57 तर असे सांगते की हक्क विकल्यानंतरही कृती आपली आहे हे सांगण्याचा अधिकार कर्त्याकडेच राहतो.

आता ती एक ओळ. ‘‘हे बघाच’’ किंवा हसण्याच्या दहा इमोजी यांनी समोरच्याला काहीच कळत नाही, आणि ‘‘शेवट बघा, तो पडतो’’ असे लिहिले की विनोदच संपतो. पाहणाऱ्याला त्याच्या स्वतःच्या अनुभवातला धागा हाती द्यावा. वर सांगितलेले 927 क्रमांकाचे चित्र मी डीटीपी करणाऱ्या मित्राला पाठवले तेव्हा लिहिले होते, ‘‘श्रीलिपीतला मजकूर कृतिदेवमध्ये उघडून पाहिलेल्यांसाठी.’’ हे दोन्ही देवनागरी फॉन्ट आहेत आणि एकातला मजकूर दुसऱ्यात उघडला की अगम्य अक्षरे दिसतात. त्याला बाकी काही समजावून सांगावे लागले नाही. आईला पाठवताना इंग्रजी संवाद खाली मराठीत लिहून देतो, पण शेवटच्या चौकटीचा अर्थ तिला चित्र पाहून झाल्यावर फोनवर सांगतो.

ग्रुपवर टाकण्याआधी तिथले शेवटचे दहा संदेश वाचावेत. कुणाच्या तरी निधनाची बातमी, त्याखाली श्रद्धांजलीच्या ओळी आणि त्यांच्या मधोमध नाचणारे मांजर, हे मी पाहिले आहे. पाठवणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता, त्याने फक्त वर सरकवून पाहिले नव्हते. आणि रस्त्यात घसरून पडलेला अनोळखी माणूस, रडणारे मूल, दारूच्या नशेतला म्हातारा यांचे व्हिडिओ पाठवूच नयेत. त्यांत सुचलेले असे काही नसते, कुणाची तरी फजिती त्याच्या नकळत टिपलेली असते.

आवडलेल्या गोष्टींसाठी फोनच्या नोंदवहीत एक पान ठेवावे. लिंक, कर्त्याचे नाव आणि कुणाला आवडेल त्याचे नाव, एवढेच त्यात असावे. माझ्या त्या पानावर सर्वांत वर लिंक नसलेली एकच नोंद आहे, ती त्या दिवाळीतल्या चित्राची. सही सापडली की ते आधी भाचीला जाईल.